ब्रेकला हात लावायचा नाही

सायकलच्या चाकात हवा किती असावी, हा प्रश्न मला वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी पडला. त्याआधी असा काही प्रश्न असतो हेच माहीत नव्हतं. हवा भरायची, अंगठ्याने टायर दाबून पाहायचं, दबलं नाही की निघायचं. मी मूल या तालुक्याच्या गावी एका शाळेत विज्ञान शिकवते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले; पण त्या दाबाची आणि हातपंपातल्या दाबाची ओळख करून द्यावी, असं एकदाही मनात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ओळख करून दिली ती माझ्या मुलीने. ती सोळा वर्षांची, अकरावीत. तालुक्याच्या स्पर्धेत साध्या सायकलवर पहिली आली, मग जिल्ह्याला आली, आणि तिथे परीक्षक म्हणून आलेल्या नागपूरच्या एका निवृत्त सायकलपटूंनी तिचे पाय पाहून आपली जुनी शर्यतीची सायकल तिला देऊन टाकली. वाकड्या हँडलची, कमरेत वाकून चालवायची सायकल. अट एकच घातली, की मोठी झालीस की दुसऱ्या एखाद्या पोरीला दे. नवरा मुलचेऱ्याला कृषी सहायक आहे, शनिवारी येतो. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघी आणि समोरच्या खोलीत भिंतीला टेकलेली ती सायकल. पहिला महिनाभर मी तिच्याकडे रागानेच पाहत होते, कारण खुर्ची ठेवायला जागा उरली नव्हती.

मग एके दिवशी मुलगी सराव करून आली आणि पाण्याचा ग्लास धरताना तिचा हात थरथरला. म्हणाली, हाताला झिणझिण्या येतात, तळव्यापासून कोपरापर्यंत. मी विचारलं, हवा किती? तर म्हणाली, दगडासारखी आहे. टायरच्या कडेवर जो सर्वांत मोठा आकडा छापलाय तेवढी, म्हणजे एकशेदहा पौंड. रेसवाले तेवढीच ठेवतात. मी चहाचं आधण उतरवलं आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. हात थरथरतो म्हणजे कोणीतरी तो हलवतंय. हलवायला शक्ती लागते. ही शक्ती कुठून आली? रस्ता काही कोणाला फुकट देत नाही. ती तिच्याच पायांतून आली असणार, आणि पुढे जायच्याऐवजी वर-खाली उडण्यात खर्च झाली असणार.

हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने, अकरावीची मुलगी आईकडे जशी पाहते तशी, माझ्याकडे पाहिलं.

आमच्याकडचे रस्ते कसे झालेत ते सांगायला हवं. हायवे आता गुळगुळीत आहे, पण गावागावांना जाणारे डांबरी रस्ते तसे नाहीत. रोवणीच्या दिवसांत चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात. चिखलात चालायला ते चांगलं; पण एका बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, दुसऱ्या बांधीत जाताना ते काढून साधं चाक लावायचा सगळ्यांना कंटाळा. मग ट्रॅक्टर तसाच डांबरावरून खडखडत जातो आणि त्या लोखंडी पट्ट्या डांबरात एकेका वितीवर आडवे चरे पाडत जातात. पावसाळा संपला की हे चरे वर्षभर राहतात. मोटारीला ते जाणवत नाहीत. पातळ टायरच्या सायकलला मात्र प्रत्येक चरा वेगळा कळतो. मुलीच्या हाताला झिणझिण्या आणणारे हेच होते.

बाजारात एक सायकलवाले आहेत, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. साठीचे. दुकान लहान, पण चाक सरळ करावं तर त्यांनीच. एकेक तार बोटाने छेडून आवाज ऐकतात आणि कुठली ढिली ते सांगतात. त्याआधी वीस-बावीस वर्षं ते राईस मिलमध्ये धान सोलायच्या हलरवर होते. मी त्यांना हवेचं विचारलं, तर त्यांनी हसण्यावारी नेलं. हवा टणक तर सायकल चपळ, ह्यात काय विचारायचं, असा त्यांचा चेहरा. मग मीच आडून विचारलं, की मिलमध्ये धान सोलायला दोन रबरी रोल असतात ना, ते किती कसून ठेवता?

तेव्हा मात्र ते खुर्चीवरून पुढे सरकले. हा त्यांचा विषय. रोल फार कसले तर तांदूळ तुटतो, कणी पडते, रबरही झिजतं. ढिले ठेवले तर धान सोललं न जाता तसंच बाहेर येतं. किती कसायचे ते यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तकाचं कोणी ऐकत नाही. बारीक धानाला वेगळं, जाड्याला वेगळं, ओलसर असेल तर आणखी वेगळं. मिस्त्री मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन पाहतो आणि मग चाक फिरवतो.

"म्हणजे किती कसाचं ते धान सांगते जी, रबर नाई सांगत," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग सायकलीत दगडासारखी हवा काऊन भरता? ते मोठ्याने हसले. म्हणाले, गिऱ्हाईक अंगठ्यानं दाबून पाह्यते, त्याले टणक लागते. वीस वर्षं रबराशी बोललेला माणूस दुकानात आल्यावर गिऱ्हाइकाच्या अंगठ्याचं ऐकायला लागला होता, हे त्यांचं त्यांनाच तेव्हा कळलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला काटा असलेला चांगला पंप मागवून दिला.

अति तेथे माती हे खरं, पण अति म्हणजे किती, हे मोजल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. गावाबाहेर पाच किलोमीटरवर एक जुना तलाव आहे. रस्ता तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढतो, थोडा पाळीवरून चालतो आणि मग पलीकडे सरळ उतरून धानाच्या बांध्यांमधून जातो. उतार बेताचा, पुढे सपाट, आणि सपाटीवर केजव्हीलचे चरेच चरे. यापेक्षा चांगली प्रयोगशाळा सरकारसुद्धा देऊ शकणार नाही. उजाडल्याशिवाय त्या रस्त्याला जायचं नाही, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. वळणावर जंगलखात्याची वाघाची पाटी आहे आणि पाटीची गरजही नाही. म्हणून ऊन पडल्यावर, रविवारी आठ वाजता, आम्ही स्कूटरवर पंप, खडू आणि शाळेची लांब उडी मोजायची टेप घेऊन गेलो.

प्रयोग असा. मुलगी पाळीवर ठरलेल्या दगडापाशी सायकलवर बसणार, एक पाय दगडावर. पाय उचलला की पायडल मारायचं नाही, अंग हलवायचं नाही. सायकल उतार उतरून सपाटीवर आपोआप थांबेल तिथे मी खडूची रेघ मारणार. नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढले होते. पहिला नियम, ब्रेकला हात लावायचा नाही. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकशेदहा हवेने तीन फेऱ्या, मग नव्वदने तीन, मग सत्तरने, मग उलट क्रमाने पुन्हा, म्हणजे वारा बदलला तरी कोणावर अन्याय होणार नाही.

निकाल पाहून मी रस्त्यात फतकल मारून बसले. एकशेदहाची रेघ सर्वांत मागे होती. नव्वद पुढे, आणि सत्तरची त्याच्याही पुढे, जवळजवळ एका ट्रॅक्टरच्या लांबीइतकी. मऊ चाक जास्त लांब गेलं होतं. मुलीचा विश्वास बसेना, तिने स्वतः टेप धरली. मग तिनेच सुचवलं, आणखी कमी करून पाहू. पन्नासला केलं तर सायकल आधीच थांबली, रिम जमिनीला टेकेल की काय असं वाटत होतं. म्हणजे मधे कुठेतरी एक जागा होती, जिथे रस्ता आणि रबर यांचं जमत होतं. ती जागा शोधायला आम्ही तीन रविवार घालवले आणि तिच्या वजनाला, त्या रस्त्याला, पंचाहत्तर आली.

धान कापायला निघालेल्या बाया थांबून पाहायच्या. एकीने विचारलं, मॅडम, काय मोजून राह्यल्या? मी समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, बैलबंडीलेबी जास्त वंगण घातलं का घसरते, आमाले माहीत आहे. मला ते अगदी लागू पडतंय असं वाटलं नाही, पण मान डोलावली. दुसरीने मात्र विचारलं, की पोरीले कुठी धाडून राह्यल्या? मी म्हटलं, कुठी नाई, शर्यत आहे. तोवर खरोखरच कुठी नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी पत्र आलं. डिसेंबरात गडचिरोलीजवळ निवड चाचणी, वीस किलोमीटर, एकेकटीने घड्याळाविरुद्ध. जिची निवड होईल तिला जानेवारीपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला एका निवासी क्रीडा केंद्रात राहून शिकायचं आणि सायकल चालवायची. नवऱ्याने शनिवारी आल्या आल्या उभ्यानेच फॉर्मवर सही केली. तो बारा वर्षं घरापासून लांब राहायला शिकलाय, त्याचा हात कशाला अडखळेल. मी म्हटलं, वाचून सही करते. आणि तो कागद पोळपाटाखाली ठेवून तीन दिवस तसाच राहू दिला.

मी स्वतः अकरा वर्षांची असताना कुरखेड्याकडच्या आमच्या गावातून वसतिगृहात गेले होते. बाबांनी पोचवलं, मागे न पाहता गेले. पहिलं वर्षभर मी जेवणाच्या ताटावर रडत असे. त्या वसतिगृहात गेले नसते तर आज फळ्यासमोर उभी नसते, हेही मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरात शिकायला लांब जाणं ही रडायची गोष्ट नाही, तशी शिकवणच आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि समोरच्या खोलीतली सायकल जाणार हे समजणं वेगळं. चौथ्या दिवशी मी सही केली.

त्याच आठवड्यात नागपूरच्या त्या सायकलपटूंनी बसच्या पार्सलने एक मोठं खोकं पाठवलं. आत शर्यतीच्या चाकांची जोडी. रिम चार बोटं खोल, तारा कमी, टायर पंचवीस मिलिमीटर रुंदीचं, हातात धरलं तर कापडासारखं दुमडेल असं मऊ. आमची रोजची चाकं याच्या अगदी उलट. साधी रिम, बत्तीस तारा, अठ्ठावीसचं टायर आणि त्याच्या पोटात काटा शिरू नये म्हणून घातलेला जाड पट्टा. सरावाला तीच बरी, यात वाद नव्हता. डुकरांपासून धान राखायला लोक बाभळीच्या काट्या तोडून रस्त्यावरून ओढत नेतात, आणि मागे काटे पेरत जातात. जाड टायरमुळे सहा महिन्यांत आमचं एकदाच पंक्चर झालं होतं.

प्रश्न चाचणीचा होता. मुलगी खोक्यातल्या चाकांवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, भुलू नकोस, मोजून ठरवू. आणि या वेळी सायकलवर मी बसणार.

ती म्हणाली, तू काऊन? मी सांगितलं, तुझा जीव या चाकांवर जडलाय, तू नकळत पुढे झुकशील, श्वास धरशील, त्यांची बाजू घेशील. मोजणाऱ्याला निकालाची हाव नसावी. हे मी वर्गात नेहमी सांगते, त्याला वैयक्तिक त्रुटी म्हणतात. रविवारी आम्ही पाळीवर गेलो. मुलगी खडू घेऊन उतारावरून खाली चालत गेली.

रोजची चाकं, शर्यतीची, शर्यतीची, रोजची. प्रत्येकी तीन फेऱ्या. शर्यतीची चाकं भाऊंनी आदल्या दिवशी रॉकेलने पुसून, सरळ करून दिली होती. ती घरून स्कूटरवर आणायची, पाळीवर लावायची आणि पुन्हा स्कूटरवर न्यायची, एवढंच. मला त्या उतारावर वाकून बसायची सवय नव्हती. पातळ टायर खाली पळायला लागलं की भीती वाटायची. पण मी नियम पाळले, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

निकाल माझ्या बाजूचा आला. माझ्या बाजूचा, असं मी आता म्हणते. तेव्हा मी नुसतं निकाल म्हटलं होतं. जाड टायरची रेघ पुढे आणि शर्यतीची मागे. थोडीच, पण बाराही फेऱ्यांत तसंच. मी वहीत सरासरी काढली, खाली रेघ ओढली आणि मुलीला म्हटलं, बघ, आपल्या रस्त्याला आपलीच चाकं बरी, शिवाय पंक्चरची भीती नाही. तिने वही पाहिली, टेप गुंडाळली.

"तू म्हणते तर तेच लावू," ती म्हणाली.

मला इतकं हलकं वाटलं की येताना मी स्कूटरवर गुणगुणत होते. वीस वर्षांत विज्ञानाच्या कुठल्या निकालाने मी गुणगुणले नव्हते. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर मी शर्यतीची चाकं घेऊन भाऊंकडे गेले. म्हटलं, नीट बांधून द्या, नागपूरला परत पाठवायची आहेत. त्यांनी कारण विचारलं, मी वही दाखवली. त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. एका हातात दुकानातलं आमच्यासारखंच जाड टायर आणि दुसऱ्या हातात चाक घेऊन त्यांनी दोन्ही रबरं बोटांनी दुमडून पाहिली. म्हणाले, हे जाडं प्रत्येक फेऱ्यात मुडपते अन् सरळ होते, त्यातच जीव जाते त्याचा. हे याच्या पुढं जाऊच शकत नाई. मी म्हटलं, मोजलंय भाऊ, बारा वेळा. त्यांनी विचारलं, सायकलवर कोण होतं? मी म्हटलं, मी.

ते चाक घेऊन दुकानाच्या दाराशी, उजेडात गेले. रिमच्या ज्या कडेवर ब्रेकचं रबर घासतं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. काळा झाला होता. दुसऱ्या बाजूने फिरवला, तोही काळा. दोन्ही चाकं, दोन्ही बाजू.

"मी पुसून देल्ली होती जी," ते म्हणाले. "ब्रेक लावत उतरल्या काय?"

मला राग आला. सपशेल राग. मी म्हटलं, मी विज्ञान शिकवते भाऊ, नियम मी लिहिलाय.  त्यांनी फडक्याला अंगठा पुसला, चाकं माझ्या हातात दिली आणि एका पोराच्या सायकलची चेन बसवायला खाली बसले. बांधून काही दिली नाहीत.

घरी येऊन मी चाकं मांडीवर घेऊन बसले. ती चाकं पाळीच्या उताराशिवाय कुठेच फिरली नव्हती. रिमवरची काळी पट्टी सारखी होती, पुसट, पूर्ण गोल. एकदा कचकन दाबलेला ब्रेक असा दिसत नाही. कोणीतरी सहा फेऱ्या, अलगद, सारखा हात ठेवून उतरलं होतं. मी डोळे मिटून तो उतार आठवायला लागले. वारा आठवला, चाकांचा वेग आठवला, खाली खडू घेऊन उभी असलेली मुलगी आठवली. बोटं काय करत होती ते आठवेना. कितीही ताणून आठवलं तरी माझ्या हातांना बोटं नव्हतीच, असंच दिसत होतं.

भीतीने दाबला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. अर्धं खरंही असेल. पण भीतीच असती तर जाड चाकांवरही थोडा दाबला गेला असता, आणि सरासरी काढताना मी गुणगुणले नसते. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. माझ्या मनातलं टेपवर दिसलं होतं. जाड टायर म्हणजे वीस किलोमीटरला मिनिट-दीड मिनिट उशीर, आणि तेवढा उशीर म्हणजे समोरच्या खोलीतली सायकल जागच्या जागी. हे मी कधी ठरवलं नव्हतं. पण मी तेच करत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगते, लाजेबरोबर असंही वाटलं की अजून कोणाला कळलेलं नाही. चाचणीला चार दिवस होते. नुसतं गप्प बसलं तरी चालणार होतं.

एक दिवस मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी दहावीच्या प्रयोगाच्या वह्या तपासत होते. एका मुलाने पाण्याच्या उत्कलनबिंदूचे पाचही आकडे बरोबर शंभर लिहिले होते. आमच्या शाळेतल्या तापमापीवर पाण्याला शंभरला उकळताना कोणी पाहिलेलं नाही. एरवी मी लाल शाईने अर्धं पान भरून काढलं असतं. त्या दिवशी पेन उचललं आणि काय लिहावं तेच सुचेना.

त्या संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, भाऊंना आपला निकाल पटत नाही, उद्या सकाळी पुन्हा मोजू. सायकलवर तू. ब्रेकचं सांगायचं धैर्य झालं नाही, भाऊंच्या आडून बोलले.

सकाळी ऊन पडल्यावर ती पाळीवर आणि मी खाली. आधी रोजची चाकं. जाड टायर आलं तसं आलं, रस्त्याखालच्या मोरीच्या अलीकडे थांबलं, मी रेघ मारली. मग शर्यतीची. तिने पाय उचलला. सायकल माझ्याजवळून गेली तेव्हा आवाजच नव्हता, नुसती तारांची सळसळ. चऱ्यांवरून ती उडाली नाही, त्यांना चाटून गेल्यासारखी गेली. मोरी गेली. मोरीपुढची पळसाची झाडं गेली. मी खडू घेऊन मागे चालत होते आणि ती थांबतच नव्हती. शेवटी एका बांधीत धानाचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांचा ढीग, होतं त्याच्या पलीकडे तिने पाय टेकला, आणि तिथून हात वर केला. मी चालतच राहिले. मला कितीतरी वेळ लागला तिच्यापर्यंत पोचायला. पोचले तेव्हा ती सायकलला टेकून हसत होती, आणि मीही हसले, कारण ते पाहून कोणालाही हसू आलं असतं. इतकी सुंदर गोष्ट मी सरासरी काढून झाकून टाकणार होते.

तिच्या वजनाला त्या पातळ टायरची योग्य हवाही आम्ही त्याच सकाळी शोधली. पुढच्याला अठ्ठ्याहत्तर, मागच्याला ब्याऐंशी.

चाचणीला गडचिरोलीला भाऊंच्या जुन्या राईस मिलच्या पिकअपमधून गेलो. सुरुवातीला सायकल मागून धरायला प्रत्येकीचा माणूस लागतो. तिच्यासाठी मी उभी राहिले. दोन्ही पाय पायडलवर, सगळा भार माझ्या हातावर. ढकललं तर बाद, असं पंचांनी बजावलं होतं. नुसतं सोडायचं. पाच, चार, तीन, असं मोजत ते एकवर आले आणि मी सोडलं. पुढे चाळीस मिनिटांच्या आत काय काय झालं ते मला दिसलं नाही, कारण रस्ता वळत होता. पंक्चर झालं नाही. दुपारी यादी लागली, तिचं नाव दुसरं होतं.

येताना आम्ही दोघी पिकअपच्या मागे रिकाम्या पोत्यांवर बसलो, मधे सायकल आडवी. चालक पुढे एकटाच. वैनगंगेचा पूल आला तेव्हा मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. मी म्हटलं, त्या दिवशी मी मोजलं ना, शर्यतीच्या चाकांवर मी ब्रेक धरून उतरले होते. सहाही वेळा.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नदीकडे पाहत होती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी खालीच उभी होती ना. तुह्या हाताची बोटं दिसत होती."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मी विचारलं, मग बोलली काऊन नाई?

"मले वाटलं, आईले मी इथीच पायजे असन. म्हून जिथी सायकल थांबली तिथी रेघ मारली."

मी विचारलं, आणि चाचणीला ती जाड चाकं लावून गेली असतीस?

"हो," ती म्हणाली. "गेली असती."

पूल कधी संपला मला कळलं नाही. सावली गाव गेलं, रस्त्याकडेच्या राईस मिली आल्या, आणि मी पोत्यात तोंड खुपसून रडत होते. ती माझी पाठ थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने सायकल धरून बसली होती, चाकांना धक्का लागू नये म्हणून.